दुसऱ्या अन् तिसऱ्या मजल्यामधल्या चपला

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी कमेंटमध्ये मला शहाणपण शिकवायला नको. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. इथले अनुभव मी जेवण झाल्यावर वाचते, थोडी हसते अन् मस्त झोपते. वीस वर्षं झाली, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. जे आहे ते रिपोर्टमध्ये येते, नाही ते येत नाही, इतका सरळ हिशोब आहे माझा. म्हणून हे लिहितानाही मला माझाच राग येऊन राहिला आहे. पण सहा महिने झाले, डोक्यातून जात नाही. म्हटलं, लिहून मोकळं व्हावं.

आमची लॅब पांढुर्ण्याला आहे. स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर एक चार मजली बिल्डिंग आहे, तिच्यात. खाली मोबाईलचं दुकान अन् मेडिकल, पहिल्यावर एक डॉक्टर, दुसऱ्यावर दाताचा दवाखाना, तिसऱ्यावर आम्ही. चौथा मजला रिकामाच आहे. गावात लिफ्ट असलेल्या बिल्डिंगा बोटावर मोजण्याइतक्या, त्यातली ही एक.

आता लिफ्ट आहे तर माणसानं लिफ्टनं जावं की नाही? पण माझ्या नशिबात ते नाही. लोकांचे रिपोर्ट काढता काढता एक दिवस गंमत म्हणून स्वतःचं रक्त लावलं, तर शुगर निघाली! खालचे डॉक्टरसाहेब म्हणाले, "मॅडम, गोळी सुरू करू, पण आजपासून लिफ्ट बंद. जिना चढायचा." घरी नवऱ्यानंही तेच टुमणं लावलं. स्वतः तो मोटरसायकलवरून कोपऱ्यावरच्या दुकानात जातो, पण मला जिना! तर दिवसातून चार-पाच वेळा मी त्या पायऱ्या चढते. एका मजल्याला बावीस पायऱ्या, अकरा झाल्या की वळण, तिथं छोटीशी मोकळी जागा, मग पुन्हा अकरा. दुसऱ्या अन् तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर माझा दम हमखास संपतो. तिथं मी भिंतीला हात टेकून उभी राहते अन् सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालते. मनातल्या मनात म्हणते खरं, पण माझा आवाज मोठा आहे. शेजारी सांगतात.

आता त्या लिफ्टचं सांगते, कारण सगळं रामायण तिथूनच झालं. घरमालकानं लिफ्ट बसवली तेव्हा पूजा केली, नारळ फोडला, अन् हौसेनं आतमध्ये देवीचा फोटो लावला. झालं! तिगाव, लोधीखेडा, आसपासच्या खेड्यांतून येणारे लोक लिफ्टमध्ये पाय ठेवायच्या आधी बाहेर चपला काढायला लागले. खाली लिफ्टच्या दारासमोर देवळासारखे जोड लागलेले. माणसं अनवाणी वर येणार, रक्त देणार, अनवाणी खाली जाणार. "अहो, ती लिफ्ट आहे, मंदिर नाही," सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. लोक हो म्हणतात अन् पुन्हा चपला काढतात. शेवटी मी हात टेकले.

त्यातून आणखी एक पद्धत पडली. आपल्याकडे लाईट कधी जाईल त्याचा भरोसा नाही. लिफ्टला बॅटरी बसवतो बसवतो म्हणत मालकानं दोन वर्षं काढली, आतली घंटीही कधीचीच मेलेली. म्हणून लाईट गेली की आमचे चौकीदार गजूभाऊ आधी लिफ्टच्या दारासमोर पाहतात. चपला दिसल्या तर दार ठोकून विचारतात, "आत आहे का कोणी?" चपला नाही, तर आत कोणी नाही. बिडी पेटवून निवांत बसतात. मी म्हटलं होतं त्यांना एकदा, "गजूभाऊ, अन् शहरातला माणूस चप्पल घालून आत गेला तर?" तर म्हणे, "तो मोबाईल लावते ना मॅडम." घ्या!

अन् या चपला काढणाऱ्यांत पहिला नंबर कोणाचा? तर माझ्या बाबांचा. बाबा सौंसरला असतात, माझ्या लहान भावाजवळ, विलासजवळ. रिटायर्ड गुरुजी. वय बहात्तर, शुगर पंधरा वर्षांपासून, रोज सकाळी सहाला इन्सुलिन घेतात. महिन्यातून एकदा तपासणीला सकाळच्या पहिल्या बसनं उपाशीपोटी माझ्याकडे येतात. शिकला-सवरला माणूस, आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलं, अन् लिफ्टबाहेर चपला काढतात. मी ओरडली की म्हणतात, "फोटो हाय ना वं आत. मंग? चप्पल घालून उभं राहू का देवीसमोर?" बरं, चपला हातात घेऊन या म्हटलं तर तेही नाही.

चपलाही साध्यासुध्या नाहीत. सौंसरच्या एका चांभाराकडून करून घेतलेल्या, चामड्याच्या, खाली टायरचा तळ. डाव्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा त्यानं निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून दिला. मी दोनदा नव्या चपला घेऊन दिल्या, त्या पेटीत पडून आहेत. हजार चपलांत ठेवा, मी त्या ओळखीन.

अन् दुसरी सवय, गायब व्हायची. पांढुर्ण्याला बाबांचे जुने विद्यार्थी गल्लोगल्ली. कोणी "गुरुजी" म्हणून हाक मारली की बसले त्याच्या दुकानात. हे सगळं झालं त्याच्या आदल्या महिन्यात मी रक्त घ्यायला सुई काढून बसली अन् हे दीड तास एका भांड्यांच्या दुकानात गप्पा मारत! उपाशीपोटी! त्या दिवशी मी पेशंटसमोर त्यांच्यावर इतकी चिडली की ते रक्त देऊन निघून गेले. जेवायलाही थांबले नाही. आपलेच दात, आपलेच ओठ... सांगू कोणाला?

तर तो मंगळवारचा दिवस. सकाळी साडेसातला मी लॅब उघडली. उपाशीपोटीचे चार-पाच पेशंट बसले होते. दारातल्या बाकावर तिगावचं एक म्हातारं जोडपं होतं, ते लक्षात ठेवा. बाबा आठच्या सुमारास येणार होते. सव्वाआठला लाईट गेली. लॅबमध्ये इन्व्हर्टर आहे म्हणून आमचं काम चालू, पण खाली मोबाईलवाल्यानं जनरेटर लावला. तो जिन्याला लागूनच ठेवतो. इतकी धडधड की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नाही.

काही तपासण्यांचं रक्त आम्ही नागपूरला पाठवतो, बर्फाच्या डब्यात, बसनं. डबा न्यायला माणूस खाली येतो, वर येत नाही, त्याचे गुडघे दुखतात म्हणे. माझे तर लोखंडाचे! तर मी डबा घेऊन उतरली. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या वळणावर तेव्हा काहीही नव्हतं. मी शपथेवर सांगते, तिथं नुकताच झाडू मारलेला होता अन् फरशी रिकामी होती. खाली मीटरच्या कोपऱ्यात पाच-सहा जोड चपला ढीग करून पडल्या होत्या, तिकडे मी कशाला पाहते! डबा दिला, तिथंच दोन मिनिटं उभी राहिली, अन् परत चढायला लागली.

दुसरा मजला झाला. अकरा पायऱ्या चढली, वळणावर आली, भिंतीला हात टेकला... अन् खाली पाहते तर बाबांच्या चपला.

शेजारी शेजारी नीट लावलेल्या. अंगठे भिंतीकडे. निळा दोरा स्पष्ट दिसत होता.

मला वाटलं, आले वाटतं. लिफ्ट बंद म्हणून जिन्यानं आले. पण इथं काहून चपला काढल्या? आता जिन्यातही देव बसवला की काय कोणी? चिडतच वर गेली. बाबा नाही. तिगावच्या आजीला विचारलं, "एक म्हातारे गुरुजी आले का वर?" आजी म्हणाली, "नाही बाप्पा, तुमी गेल्यावर चिटपाखरू नाही आलं." म्हटलं, झालं, चढता चढता पुन्हा कोणीतरी भेटलं. दुसऱ्या मजल्यावर दाताच्या दवाखान्यात पाहिलं, तिथं कुलूप. पहिल्यावर डॉक्टर अजून यायचे होते. म्हणजे खालीच उतरले, अन् तेही अनवाणी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चपला उचलल्या, खाली घेऊन आली. गजूभाऊ नुकतेच ड्युटीवर येऊन स्टुलावर बसले होते. "आमचे बाबा दिसले का?" "नाही मॅडम, मी आत्ताच आलो." मी विचारलंही... हो, हे मी विचारलं, मला नीट आठवते... "लिफ्टमध्ये कोणी अडकलं तर नाही?" गजूभाऊ म्हणाले, "दारासमोर चपला कुठं हायेत? पाहिलं ना मी." मीही पाहिलं. दारासमोर पुसलेली, ओली फरशी. बरोबर आहे, म्हटलं. मी बाबांच्या चपला गजूभाऊंच्या स्टुलासमोर ठेवल्या अन् बजावलं, "यांच्यावर लक्ष ठेवा. बाबा आले की सरळ वर पाठवा."

अन् चढायला लागली. एकच जिना आहे त्या बिल्डिंगला. माझी चाल म्हणजे बैलगाडी, कोणी माझ्या पुढे गेलं असतं तर मला दिसलं असतं. कोणीही गेलं नाही. तेवढ्यात जनरेटर बंद पडला, डिझेल संपलं असेल, अन् एकदम शांत झालं. नुसता माझ्या श्वासाचा आवाज. वळणावर पोचली.

चपला तिथंच. तशाच शेजारी शेजारी, अंगठे भिंतीकडे.

तुम्हाला वाटेल मी घाबरली. अजिबात नाही. मी इतकी भडकली की काय सांगू! वर पाच पेशंट खोळंबलेले, माझ्या पोटात चहाचा घोट नाही, पाय भरून आलेले, अन् हे कोण माझी थट्टा करून राहिलं? मला पक्कं वाटलं की बाबाच आहेत. मागच्या महिन्यात मी बोलली त्याचा राग काढून राहिले. इथंच कुठंतरी लपले अन् मला जिन्यावर नाचवून राहिले. मी तिथं उभी राहून मोठ्यानं बोलली. जे तोंडात आलं ते सगळं बोलली. काय बोलली ते आत्ता लिहीत नाही.

मग चपला हातात घेऊनच वर गेली. लॅबमध्ये माझ्या टेबलाखाली ठेवल्या, अगदी माझ्या पायाजवळ. अन् विलासला फोन लावला.

"बाबा निघाले का रे घरून?"

"निघाले म्हणजे? पहिल्याच बसनं गेले ना ताई. मीच बसवून दिलं. आठच्या आधीच पोचले असतील."

"इथं नाहीत."

"नाहीत? अगं ताई, मी तुलाच फोन करणार होतो. त्यांनी आज इन्सुलिन घेऊन टाकलं! रोजच्यासारखं. तपासणीचा दिवस आहे, रक्त देऊन मग घ्यायचं, हे विसरूनच गेले. मी आत्ता त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा सुई पाहिली. मोबाईलही घरीच राहिला त्यांचा. तू पहिले त्यांना काही खाऊ घाल."

मी फोन ठेवून उठली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, इन्सुलिन घेतलं अन् पोटात अन्न गेलं नाही तर साखर खाली येत जाते, येतच जाते. आधी घाम, मग थरथर, मग गुंगी. अन् त्या गुंगीत कोणाचं लक्ष नसलं तर माणूस उठत नाही. घड्याळात पावणेनऊ वाजले होते. सहाला सुई घेतली होती बाबांनी. आता ते पांढुर्ण्यात कुठंतरी अनवाणी भटकत असतील, नाहीतर कुठं पडले असतील, अन् मी इथं चपला खाली-वर करत बसलेली!

ग्लुकोजचा डबा घेतला अन् पळाली. दारातून निघाली, वळणापर्यंत अकरा पायऱ्या उतरली, अन् पाय तिथंच थबकले.

चपला वळणावर होत्या.

ज्या मी दोन मिनिटांपूर्वी माझ्या टेबलाखाली, माझ्या पायाजवळ ठेवल्या होत्या, त्याच. निळा दोरा, टायरचा तळ. अंगठे भिंतीकडे.

आता मात्र मी घाबरली. मी तिथंच पायरीवर बसली. रागानं रडायला आलं. "काय पाहिजे आहे काय तुम्हाला?" असं मी त्या चपलांना विचारलं! चपलांना! पाहता पाहता माझं लक्ष चपलांवरून भिंतीवर गेलं. रोज याच भिंतीला हात टेकून मी दम घेते. अन् एवढ्या वर्षांत माझ्या टाळक्यात कधी आलं नव्हतं की या भिंतीच्या मागून लिफ्ट जाते.

मी भिंतीवर दोन्ही हातांनी मारायला लागली. "बाबा! बाबा!" कान लावला. काही नाही. पुन्हा मारलं. मग आतून एक ठोका आला. अगदी हलका, कोणी बोटानं मारावा तसा. एकच.

मी वरूनच अशी काही किंचाळली की गजूभाऊ बिडी टाकून पळत आले. लाईट नसताना ती लिफ्ट हलवायची तर छतावरच्या खोलीत जाऊन हातानं चाक फिरवावं लागते. गजूभाऊंनी ते फिरवलं. मी दुसऱ्या मजल्याच्या दारासमोर उभी. लिफ्ट इंचाइंचानं खाली येत होती अन् मी इथं मरत होती. दार उघडलं. बाबा कोपऱ्यात टेकून बसले होते. शर्ट घामानं चिंब, मान कलंडलेली, डोळे अर्धे उघडे. पाय अनवाणी. समोर देवीचा फोटो.

तोंडात ग्लुकोज लावलं, गालात बोटानं फिरवलं. साखर तपासली, अडतीस. सत्तरच्या खाली गेली की आम्ही धावपळ करतो. तोवर डॉक्टरसाहेब आले होते, त्यांनी तिथंच फरशीवर बसून शिरेतून ग्लुकोज दिलं. पंधरा मिनिटांनी बाबांनी मान उचलली अन् माझ्याकडे पाहिलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अजून अर्धा तास झाला असता ना मॅडम, तर मी काही करू शकलो नसतो."

झालं होतं असं. बाबा वेळेवर आले, खाली लिफ्टसमोर चपला काढल्या अन् आत गेले. दुसरा मजला ओलांडला अन् लाईट गेली. ओरडले, पण जनरेटरच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार! तेवढ्यात झाडणारी कांताबाई आली. तिनं फरशी पुसायला म्हणून दारासमोरचे सगळे जोड उचलले अन् मीटरच्या कोपऱ्यात लोटले. मग गजूभाऊ आले, दारासमोर चपला नाहीत हे पाहिलं अन् निवांत बसले. कोणाला दोष देता? लिफ्टमध्ये देव ठेवणाऱ्याला, चपला काढणाऱ्याला, चपला हलवणारीला, की चपला पाहून माणूस मोजणाऱ्याला? मी तर त्या दिवशी चौघांवरही ओरडली.

इथपर्यंत सगळं समजते. पुढचं समजत नाही.

मी काही कच्ची नाही. एकेकाला धरून विचारलं. कांताबाई म्हणाली, "माह्या लेकराची शप्पथ मॅडम, मी त्या कोपऱ्यात ठेवल्या. वर कायले नेऊ? अन् कोनाच्या हायेत हे तरी मले कसं मालूम?" गजूभाऊ म्हणाले, स्टुलासमोर ठेवलेल्या चपला थोड्या वेळानं दिसल्या नाहीत. "मले वाटलं तुमीच परत आल्या अन् घेऊन गेल्या." तिगावचं जोडपं दारातच बसून होतं, त्यांच्यासमोरून मी सोडून कोणी आत आलं नाही, बाहेर गेलं नाही. आजी तर उलट मलाच म्हणाली, "तुमी चपला घेऊन आत गेल्या ते पाहिलं मी. बाहेर मात्र रिकाम्या हातानं पळाल्या." कॅमेरा आहे जिन्यात. लाईट नव्हती, बंद होता. नाही तर एरवी चोवीस तास चालू!

विलासला सांगितलं तर म्हणतो, "ताई, तूच नेल्या असशील, टेन्शनमध्ये लक्षात नसेल." अरे, टेन्शन तुझ्या फोननंतर आलं! त्याच्या आधी मला फक्त राग होता, अन् रागात मला सगळं लख्ख आठवते. नवरा म्हणाला, देवीनंच केलं. बरं, देवीनं केलं. मग देवीला एवढं करता येत होतं तर सरळ लाईटच आणायची ना! निदान एक हाक मारायची. मला तीन-तीन वेळा त्या जिन्यावर कशाला दमवलं? अन् बाबांचा जीव कशाला एवढा टांगणीला लावला? कोणी केलं, कसं केलं, काहून केलं...  तुमच्यापैकी कोणाला माहीत असेल तर सांगा. फक्त "तुमचा भ्रम असेल" असं लिहू नका, हात जोडते.

आता जे लिहीत नाही म्हटलं होतं ते. ते लिहिल्याशिवाय हे पूर्ण होत नाही.

त्या दिवशी बाबांना मी माझ्या घरी आणलं. संध्याकाळी खिचडी खाऊन ते दिवाणावर टेकून बसले होते. मी विचारलं, "आत खूप भीती वाटली का बाबा?"

"पहिले वाटली," ते म्हणाले. "मंग आवाज निघेना गळ्यातून. हात उचलून होत नव्हता. झोप येऊन राहिली होती नुसती. पण तो जनरेटर बंद झाला अन् तुझा आवाज आला. भिंतीपल्याड उभी राहून बोलत होती तू. तेच ऐकत बसलो. म्हटलं, नंदा बोलून राहिली तोवर झोपायचं नाही."

"काय ऐकलं तुम्ही?"

"सारंच ऐकलं ना वं," बाबा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, राग नाही, काही नाही. अन् उशी सरकवून घेतली.

मी त्या वळणावर उभी राहून म्हटलं होतं, "वैताग आणला या म्हाताऱ्यानं माझ्या जीवाला! यापुढे माझ्याकडे येऊच नका. मरा तिकडेच सौंसरला!"

आमच्यात एका हाताचंही अंतर नव्हतं. एक भिंत होती.

मी माफी मागितली. "जाऊ दे वं," म्हणाले, "रागात माणूस बोलते." दोन दिवस राहिले, हसले, बोलले, गेले. मला वाटलं, मिटलं. मग पुढचा महिना लागला. तपासणीचा दिवस जवळ आला, अन् बाबांचा फोन आला. पंधरा वर्षांत या माणसानं कधी विचारलं नव्हतं. मनात आलं की बसमध्ये बसायचं अन् यायचं, लेकीचं घर आहे, लेकीची लॅब आहे.

"नंदा," ते म्हणाले, "मंगळवारी येऊ का वं मी? चालते का तुले?"

मी जिन्यात होती. तिथंच पायरीवर बसली.  म्हटलं, "बाबा, तुम्ही नका निघू. मी स्वतः येते तुम्हाला घ्यायला. पहिल्या बसनं निघते."



बाबा म्हणाले, "बरं. पण तुलेही शुगर हाय. काही खाऊन निघजो बाई."